दहा कोअर असूनही पोवाडा अडखळतो, तेव्हा

वाचकाचे पत्र, थोडक्यात: करवीर तालुक्यातल्या एका गावातून सव्वीस वर्षांच्या एका वाचकाने लिहिले आहे. घराच्या माडीवरच्या खोलीत ते पोवाडे, भजने आणि गणेश मंडळांची गाणी यांचे संयोजन व ध्वनिमुद्रण करतात. शाहीरकाका गेल्या आठवड्यात नव्या पोवाड्यासाठी आले होते. हेडफोनमध्ये त्यांना स्वतःचा आवाज मागाहून ऐकू येत होता. तिसऱ्या प्रयत्नानंतर ‘पोरा, तुझं यंत्र माझ्या मागनं पळतंय’ असे म्हणून ते उठून गेले. वाचकाचा लॅपटॉप आय-फाइव्ह १२३५यू प्रोसेसरचा आणि १६ जीबी मेमरीचा आहे. दोन वर्षांपूर्वी वडिलांनी उसाच्या बिलातून तो घेऊन दिला, आणि ‘दहा कोअर आहेत, काळजी करू नका’ असे दुकानदाराने सांगितले होते. कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे स्वतंत्र भाग. आता रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये चाळीस ट्रॅकचा (ट्रॅक म्हणजे एकेका वाद्याची किंवा आवाजाची पट्टी) पोवाडा उघडला की आवाज कडकडतो, मध्येच तुटतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मात्र प्रोसेसरचा वापर ३० टक्क्यांच्या वर जात नाही. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, वाढवला की कडकड थांबते, पण गाणाऱ्याला आवाज उशिरा पोहोचतो. वाचकाचे प्रश्न तीन आहेत. सगळ्या कोअरवर सारखा भार टाकण्याची सेटिंग कुठे असते? दुकानदाराने फसवले का? आणि सव्वा लाखाच्या नव्या संगणकासाठी आबांकडे पुन्हा पैसे मागावेत का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण घरात त्यावर बोलणे सुरू झाले असेल तर ते आजच थांबवलेले बरे. आबांकडे आत्ता पैसे मागू नका. तुमचा लॅपटॉप उत्तम आहे असे मी म्हणत नाही, त्याच्या मर्यादा पुढे स्पष्ट लिहिणारच आहे. पण तुम्ही वर्णन केलेली अडचण ज्या कारणांनी येते, ती कारणे नीट न शोधता सव्वा लाखाचे यंत्र घरात आणले, तर सहा महिन्यांत प्रोजेक्ट साठ ट्रॅकचा होईल आणि तुम्ही याच जागी येऊन बसाल. तेव्हा आबांना काय सांगणार?

तुमच्या पत्रात एक गृहीतक वारंवार येते, ते म्हणजे प्रोसेसर ३० टक्केच वापरला जातो आहे, म्हणजे ७० टक्के ताकद पडून आहे आणि ती कुणीतरी अडवून ठेवली आहे. हे गृहीतक स्वाभाविक आहे. पण टास्क मॅनेजर जो आकडा दाखवतो तो सगळ्या कोअरची, साधारण सेकंदभराची सरासरी असते, आणि ध्वनिमुद्रणाच्या कामाला सेकंद हे माप फारच मोठे आहे. तुमचे प्रोजेक्ट ४८,००० हर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८,००० सॅम्पल, म्हणजे नमुने) आणि बफर १२८ सॅम्पलचा असेल, तर संगणकाला आवाजाचा प्रत्येक तुकडा सुमारे २.६७ मिलिसेकंदांत तयार करून साउंड इंटरफेसच्या, म्हणजे माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या पेटीच्या, हाती द्यावा लागतो. असे तुकडे एका सेकंदात ३७५ होतात. त्यांतले ३७४ वेळेवर आले आणि एक अर्ध्या मिलिसेकंदाने चुकला, तरी तुम्हांला कानात ‘कडक’ असा आवाज येतो. सरासरीत मात्र त्या चुकीचा मागमूसही उरत नाही. शिवाय तुमच्या प्रोसेसरमध्ये विंडोजला बारा थ्रेड, म्हणजे एकाच वेळी काम देता येईल अशा बारा जागा, दिसतात. त्यांतला एकच पूर्ण भरला आणि बाकीचे अकरा रिकामे राहिले, तरी सरासरी साधारण आठ टक्केच येते. म्हणून ३० टक्क्यांचा तो आकडा खरा असला तरी तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. तुम्हांला विचारायचे आहे ते असे, की सर्वांत उशिरा पोहोचणाऱ्या तुकड्याला किती वेळ लागला आणि तो कोणामुळे लागला.

तुमच्याकडे ऊस आहे, म्हणजे गुऱ्हाळ तुम्ही लहानपणापासून पाहिले असणार. चरकातून रस निघतो, तो काहिलीत पडतो, मळी काढली जाते, पाक गुळव्याच्या मनासारखा झाला की मगच तो वाफ्यात ओतला जातो. चुलवाणापाशी दहा माणसे उभी केली म्हणून एका काहिलीचा पाक दहापट लवकर होत नाही, कारण पुढची पायरी मागची पूर्ण झाल्याशिवाय सुरूच करता येत नाही. दहा माणसांचा उपयोग तेव्हा, जेव्हा काहिली वेगवेगळ्या असतात. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ट्रॅक ही एक काहिली आहे. डफाचा ट्रॅक एक कोअर सांभाळील, तुणतुण्याचा दुसरा, ढोलकीचा तिसरा. पण डफाच्या ट्रॅकवर एकामागे एक आठ प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअरे) लावलेले असतील, तर दुसऱ्या प्लगइनला पहिल्याचे काम पूर्ण होईपर्यंत थांबावेच लागते, आणि ती आठांची साखळी एका वेळी एकाच कोअरवर चालते. पुढे झीलकऱ्यांचे बारा ट्रॅक एका फोल्डरमध्ये येतात, तो फोल्डर ‘सर्व गायन’ नावाच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये जातो, आणि तो मास्टरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात त्या शेवटच्या ट्रॅकवर. त्या प्रत्येक टप्प्यावर आणखी चार-पाच प्लगइन असतील, तर डोळ्यांना चाळीस ट्रॅक शेजारी-शेजारी दिसत असले तरी संगणकाच्या दृष्टीने वीस प्लगइनांची एक लांबलचक रांग तयार झालेली असते, आणि कडकड त्या रांगेच्या लांबीवर ठरते. जीन ॲमडाल या संगणक अभियंत्याने १९६७ मध्ये हाच मुद्दा मांडला होता: कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी वेगाची मर्यादा ठरवतो. कामाचा चौथा हिस्सा असा न वाटण्यासारखा असेल, तर शंभर कोअर लावूनही वेग चौपटीच्या पुढे जाणार नाही.

त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हांला थोडे निराश करील. सगळ्या कोअरवर सारखा भार टाकणारी अशी सेटिंग नाही, आणि असायचे कारणही नाही. जेवढे काम वाटण्यासारखे आहे, ते रीपर स्वतःच वाटते. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन सॉफ्टवेअरला ठरावीक कोअरवर बांधून टाकायचे, किंवा कोअर ‘जागे’ करणारी छोटी सॉफ्टवेअरे उतरवून घ्यायची, असे सल्ले तुम्हांला मिळाले असतील. ते कृपया बाजूला ठेवा. अशा बांधण्याने विंडोजला काम योग्य कोअरकडे पाठवण्याची मोकळीक उरत नाही, आणि तुमच्या प्रोसेसरमध्ये तर ही मोकळीक फार मोलाची आहे.

कारण ते दहा कोअर एकसारखे नाहीत. आय-फाइव्ह १२३५यू मध्ये वेगवान कोअर, ज्यांना पी-कोअर म्हणतात, ते फक्त दोन आहेत. उरलेले आठ ई-कोअर म्हणजे वीज वाचवणारे, तुलनेने सावकाश काम करणारे. पी-कोअर जास्तीत जास्त ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातात, ई-कोअर ३.३ पर्यंत, आणि त्याच वेगातही एका ठोक्यात होणारे काम पी-कोअरमध्ये अधिक असते. तुमची लांब साखळी पी-कोअरवर असेल तर ती वेळेत संपेल. तीच ई-कोअरवर गेली तर कदाचित संपणार नाही. दुकानदाराने खोटे सांगितले नाही, अर्धे सांगितले. बिले करणाऱ्या, ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडणाऱ्या माणसासाठी हा प्रोसेसर चांगलाच आहे. तुमचे काम काय आहे हे विचारायला हवे होते, ते त्याने विचारले नाही, आणि तुम्हांलाही तेव्हा सांगण्याची गरज वाटली नसेल. याला फसवणूक म्हणून मनात ठेवू नका.

आता शोधायचे कसे ते सांगतो. रीपरच्या व्ह्यू मेन्यूमध्ये परफॉर्मन्स मीटर आहे. ते उघडले की प्रत्येक ट्रॅक किती भार टाकतो आहे ते ओळीने दिसते आणि त्याशिवाय ‘आरटी’ (रिअल टाइम) म्हणून एक वेगळा आकडा दिसतो, ज्यात सर्वांत लांबलेल्या तुकड्याला किती मिलिसेकंद लागले तेही असते. तुमचा खरा मीटर हा आहे. पोवाड्याचा सर्वांत भरगच्च भाग, म्हणजे झील आणि सगळी वाद्ये एकत्र असलेला भाग निवडा, तो पुन:पुन्हा वाजत ठेवा आणि या आकड्याकडे पाहत एकेका ट्रॅकचे सगळे प्लगइन बंद करून पाहा. सुरुवात मास्टरपासून करा.

मास्टरपासून का, ते माझ्याच एका रात्रीवरून सांगतो. हलगी आणि घुमक्याचे काम होते. हलगीची थाप इतकी टोकदार असते, की तिच्यात मिसळलेली कडकड ओळखायला कान एकाग्र करून बसावे लागते. मला तर पहिला तासभर वाटत होते की वाजवणाऱ्याची काडी कडेला लागते आहे. चूक यंत्राची आहे हे कळल्यावर मी चौतीस ट्रॅक एकामागून एक तपासले. वाद्ये काढली, रिव्हर्ब (घुमारा देणारे प्लगइन) काढले, शेवटी एकटी हलगी उरली, तरी दर आठ-दहा मात्रांनी कडकड येतच होती. रात्री साडेअकराला सहज मास्टरकडे पाहिले. जुन्या कामाचा साचा उघडून मी हे काम सुरू केले होते आणि त्या साच्याबरोबर मास्टरवर एक लिनिअर फेज इक्वलायझर (आवाजातल्या जाड-बारीक स्वरांचा तोल साधणारे प्लगइन), आठपट ओव्हरसॅम्पलिंग (आवाजाचे नमुने वाढवून काम करणे) चालू असलेला लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारे प्लगइन) आणि आवाजाचा आलेख दाखवणारे एक मीटर, एवढे सामान आले होते. ते तिन्ही बंद केले आणि चौतीस ट्रॅक परत चालू केले, तर यंत्र शांत. वाजवणारे मामा तोपर्यंत दोन चहा पिऊन भिंतीला टेकून झोपले होते. त्यांना उठवून मी आधी क्षमा मागितली, कारण तासभर मी त्यांच्या काडीवर संशय घेतला होता.

तुमच्या मास्टरवर काय आहे ते तुम्ही लिहिलेले नाही, पण शेवटच्या टप्प्यावर वापरायचे प्लगइन आजकाल आपण सगळेच पहिल्या दिवसापासून लावून बसतो, कारण त्याने आवाज लगेच भरदार वाटतो. ओव्हरसॅम्पलिंग आठपट ठेवले तर त्या प्लगइनचे मुख्य काम जवळपास आठपट वाढते. लिनिअर फेज इक्वलायझर आणि पुढचा आवाज आधी वाचणारे लिमिटर तर आणखी एक गोष्ट करतात: ते स्वतःचा उशीर जोडतात, आणि बाकीचे ट्रॅक त्यांच्याशी जुळावेत म्हणून सॉफ्टवेअर सगळ्यांनाच तेवढे मागे ठेवते. म्हणजे बफर १२८ ठेवूनही शाहीरकाकांना आवाज उशिरा ऐकू येऊ शकतो आणि तुम्ही प्रोसेसरला दोष देत बसता. मास्टरिंगचे, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवणारे, सगळे प्लगइन या प्रोजेक्टमधून काढा. मिक्स पूर्ण झाल्यावर त्याची एक स्टिरिओ फाइल करा आणि ती वेगळ्या प्रोजेक्टमध्ये घेऊन तिथे मास्टरिंग करा.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. तुम्ही एकाच प्रोजेक्टमध्ये, एकाच बफरवर, दोन परस्परविरोधी कामे करता आहात. गाणाऱ्याचा आवाज घेताना उशीर कमी हवा, म्हणून बफर लहान हवा. मिक्स करताना प्लगइन भरपूर हवेत, म्हणून बफर मोठा हवा. या दोहोंच्या मधला एखादा आकडा शोधत राहिलात तर दोन्ही कामे बिघडतील. बफर १०२४ ठेवल्यास ४८,००० हर्ट्झवर आत येताना सुमारे २१ आणि बाहेर जाताना आणखी तेवढाच, असा बेचाळीस-त्रेचाळीस मिलिसेकंदांचा उशीर होतो. आवाज हवेतून मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे शाहीरकाकांना आपलाच आवाज जवळजवळ पन्नास फुटांवरून ऐकल्यासारखे होत होते. त्यात गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून त्याच क्षणी ऐकू येतच असतो. एक आवाज आतून आणि एक मागाहून कानात, अशा स्थितीत डफाची लय धरून पोवाडा म्हणणे कोणत्याही शाहिराला जड जाईल. ते उठून गेले यात तुमच्याविषयी राग नव्हता, आणि ‘यंत्र मागनं पळतंय’ हे त्यांचे निदान तर तंतोतंत बरोबर होते.

म्हणून पुढच्या वेळी ते येण्याच्या आदल्या दिवशी हे करून ठेवा. पोवाड्याची आतापर्यंतची सगळी वाद्ये आणि झील मिळून एक कच्चा स्टिरिओ मिक्स काढा. नवे प्रोजेक्ट उघडा, त्यात अगदी पहिल्या क्षणापासून तो मिक्स ठेवा आणि त्याखाली शाहीरकाकांच्या माइकचा एक ट्रॅक. बस, दोनच ट्रॅक. मास्टर रिकामा. यात १२८ चा बफर तुमचा लॅपटॉप आरामात पेलेल. रेकॉर्डिंग झाले की गाण्याच्या फाइली पहिल्या सेकंदापासून सलग करून मूळ चाळीस ट्रॅकच्या प्रोजेक्टमध्ये आणा. त्या जागच्या जागी बसतील. घुंगरू असो की बासरी, कोणीही घरी येऊन वाजवणार असेल, तेव्हा हीच रीत ठेवा.

याहूनही खात्रीचा मार्ग तुमच्या इंटरफेसवरच आहे. बहुतेक इंटरफेसवर ‘डायरेक्ट’ असे बटण किंवा गोल खुंटी असते. ती चालू केली की माइकचा आवाज संगणकात जाऊन परत येण्याची वाट न पाहता सरळ हेडफोनमध्ये जातो आणि उशीर जवळपास उरतच नाही. तेव्हा रीपरमध्ये त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग (माइकचा आवाज संगणकातून फिरवून ऐकवणे) बंद ठेवायचे, नाहीतर एकच आवाज दोनदा ऐकू येईल. याला तुम्ही हरकत घ्याल, की असा कोरडा आवाज ऐकून गाणाऱ्याचा सूर खुलत नाही, त्याला थोडा घुमारा हवा असतो. ही हरकत अगदी योग्य आहे आणि तिच्यावर उपाय आहे. माइकच्या ट्रॅकचे मॉनिटरिंग चालू ठेवा, पण त्याचा मास्टरकडे जाणारा मार्ग बंद करा आणि त्याला फक्त एका रिव्हर्बच्या ट्रॅककडे पाठवा. रिव्हर्बमध्ये मूळ आवाज शून्य आणि घुमारा शंभर टक्के ठेवा. आता मूळ आवाज थेट इंटरफेसमधून येतो आणि घुमारा संगणकातून वीस-चाळीस मिलिसेकंद उशिरा येतो. मोठ्या देवळातही आपल्या आवाजाचा घुमारा भिंतींना लागून क्षणभर उशिराच परत येतो, त्यामुळे कानाला हे अजिबात खटकत नाही. बफर मोठा असला तरी चालतो. ही युक्ती मला कळली तेव्हापासून कमी ताकदीच्या यंत्रावर गायन घेताना मी दुसरे काही वापरलेले नाही.

एक लहान तपासणी लगे हात करून घ्या. तुमच्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये किती ट्रॅकवर रेकॉर्डचे तांबडे बटण आणि मॉनिटरिंग चालू राहिले आहे ते पाहा. रीपर एरवी ट्रॅकचे काम थोडे पुढचे आधीच करून ठेवतो. मूळ सेटिंगमध्ये ही आगाऊ तयारी २०० मिलिसेकंदांची असते, आणि त्यामुळे एखादा तुकडा लांबला तरी भरून निघतो. पण ज्या ट्रॅकवर थेट आवाज येऊ शकतो, त्याचे काम आधी करता येत नाही, आणि तो ट्रॅक ज्या फोल्डरमधून मास्टरकडे जातो त्या साऱ्या वाटेला हीच घाई लागू होते. विसरून चालू राहिलेली चार तांबडी बटणे बंद केल्याने कडकड थांबलेली मी पाहिली आहे.

मिक्सिंगला बसाल तेव्हा बफर निःसंकोच १०२४ ठेवा. बारा झीलकऱ्यांच्या बारा ट्रॅकवर बारा रिव्हर्ब असतील, आणि मला वाटते असतीलच, तर ते काढून एकाच रिव्हर्बच्या ट्रॅककडे बाराही जणांचा आवाज हवा तेवढा पाठवा. ते सगळे एकाच जागेत उभे राहून ‘जी जी रं जी’ म्हणताहेत असे त्यातून ऐकू येईल, आणि झीलीला तेच हवे असते. भाराची बचत त्याच्या जोडीला मिळते. वाद्यांचे नमुने वाजवणाऱ्या सॅम्पलरमध्ये एका वेळी किती स्वर वाजू द्यायचे याची मर्यादा असते, ती गरजेपुरती खाली आणा. नमुने फिरत्या तबकडीच्या जुन्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतील तर ते आतल्या एसएसडीवर घ्या. मेमरी भरली किंवा डिस्क मागे पडली तरी अशीच कडकड येते, आणि तिचा कोअरशी काही संबंध नसतो. टास्क मॅनेजरचा खरा उपयोग इथे, मेमरीचा आलेख पाहण्यासाठी आहे.

आणि ट्रॅक फ्रीज करायला शिका. फ्रीज म्हणजे ट्रॅकवरचे सगळे प्लगइन एकदाच चालवून त्यांचा परिणाम साध्या ध्वनिफाइलमध्ये उतरवणे. त्यानंतर तो ट्रॅक प्रोसेसरला जवळजवळ काहीच मागत नाही. बदल करावासा वाटला तर अनफ्रीज करून सगळे प्लगइन परत मिळतात, त्यामुळे गमावण्यासारखे काही नसते. तरीही अनेक तरुण संयोजक फ्रीज करायला कचरतात असा माझा अनुभव आहे, कारण फ्रीज करणे म्हणजे ‘ढोलकी आता अशीच राहणार’ असे ठरवणे, आणि ते ठरवायची भीती वाटते. चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर काम करणारे लोक तीन ट्रॅक भरले की ते मिसळून चौथ्यावर उतरवत आणि पहिले तीन पुसून पुढचे वाद्य घेत. त्यांना परत फिरायची सोयच नव्हती. तुम्हांला ती आहे. ढोलकी, तुणतुणे, झांज यांचे संयोजन पक्के झाले असेल तर आज रात्रीच ते ट्रॅक फ्रीज करा आणि आरटीचा आकडा किती खाली येतो ते पाहा.

सॉफ्टवेअरच्या बाहेरच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. काम करताना लॅपटॉप नेहमी चार्जरला जोडलेला असू द्या आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये सर्वोत्तम कामगिरीचा पर्याय निवडा, कारण बॅटरीवर प्रोसेसर आपला वेग आवरतो. तुमच्या प्रोसेसरच्या नावातला ‘यू’ सांगतो की तो मुळात १५ वॉटच्या हिशेबाने बनवलेला आहे. तो थोडा वेळ जोरात धावतो, मग तापला की मंदावतो. पत्र्याखालच्या माडीवर एप्रिलच्या दुपारी मिक्सिंगला बसत असाल तर ती वेळ बदला, आणि लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर तर कधीच ठेवू नका. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि संगणक यांना कमी उशिराने जोडणारे सॉफ्टवेअर) घाला. रेकॉर्डिंगच्या वेळी वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करा. तेवढ्यानेही कडकड राहिली तर लेटन्सीमॉन नावाचे सॉफ्टवेअर दहा मिनिटे चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर मध्येच प्रोसेसरला अडवून धरतो आहे ते त्यात नावानिशी दिसते.

हे सदर वाचणाऱ्यांत इतर सॉफ्टवेअर वापरणारेही असतील. एबलटन लाइव्हच्या अकराव्या आवृत्तीपासून प्रत्येक ट्रॅकचा भार मिक्सरमध्येच पाहता येतो. क्यूबेसमध्ये एएसआयओ-गार्ड ही सोय रीपरच्या आगाऊ तयारीसारखेच काम करते, ती चालू असू द्यावी. मॅकवर लॉजिक वापरणाऱ्यांनी नुसते ऐकताना एखादा रिकामा ऑडिओ ट्रॅक निवडून ठेवावा, कारण निवडलेला वाद्याचा ट्रॅक लॉजिक ‘आता कोणी वाजवील’ या तयारीत ठेवतो आणि तो सगळा भार एकाच कोअरवर येतो. एफएल स्टुडिओच्या ऑडिओ सेटिंगमध्ये मल्टिथ्रेडेडचे दोन्ही पर्याय आणि स्मार्ट डिसेबल चालू आहेत का ते पाहावे.

एवढे सगळे करूनही नवा संगणक लागेल अशी एक शक्यता उरते, तीही सांगतो. वाद्ये फ्रीज केली, मास्टर रिकामा केला, बफर १०२४ ठेवला, लॅपटॉप थंड आहे, आणि तरीही तुम्हांला रोज लागणारे एखादे एकटे वाद्य किंवा एकच प्लगइन आरटीचा आकडा मर्यादेबाहेर नेत असेल, तर ती प्रोसेसरचीच मर्यादा आहे. तेव्हा दुकानात एकूण कोअर किती असे विचारू नका; वेगवान कोअर किती, आणि प्रोसेसर किती वॉटचा, एवढे विचारा. उदाहरणच घ्यायचे तर तुमच्या प्रोसेसरच्याच पिढीतल्या आय-फाइव्ह १२४५०एच मध्ये कोअर आठच आहेत, तुमच्यापेक्षा दोन कमी. पण त्यांतले चार वेगवान आहेत आणि तो ४५ वॉटच्या हिशेबाने बनवला आहे, म्हणून तुमच्या कामाला तो दहा कोअरच्या तुमच्या प्रोसेसरपेक्षा सरस ठरेल. त्यासाठी सव्वा लाख लागतीलच असेही नाही. वापरलेला, दुरुस्त केलेला लॅपटॉप किंवा घरीच राहणारा डेस्कटॉप निम्म्या पैशांतही जमू शकतो. आणि ती वेळ आलीच, तर आबांसमोर ‘लॅपटॉप खराब आहे’ असे म्हणत जाऊ नका. त्यांनी घामाच्या पैशांतून घेतलेली वस्तू तुम्ही अशी मोडीत काढलीत तर त्यांना लागेल. दोन वर्षांत त्या लॅपटॉपवर किती गाणी झाली आणि त्यांतून किती पैसे घरात आले, ते वहीत मांडून आधी दाखवा.

शाहीरकाकांना फोनवर बोलावू नका, घरी जाऊन या. चूक कुठे होती ते दोन वाक्यांत सांगा आणि येत्या वेळी हेडफोन लावल्यावर आधी फक्त गण म्हणून पाहा, रेकॉर्डिंग नंतर करू, असे म्हणा. जाण्यापूर्वी दोन ट्रॅकचे ते प्रोजेक्ट तयार करून, डायरेक्टची खुंटी लावून, स्वतः माइकसमोर उभे राहून एक कडवे गाऊन बघा. आणि मला परत लिहाल तेव्हा तीन आकडे पाठवा: मास्टर रिकामा करण्यापूर्वीचा आरटीचा आकडा, त्यानंतरचा, आणि वाद्ये फ्रीज केल्यानंतरचा.